उतरताना टाकीत एक तास हवा: महाराष्ट्रातल्या फ्लाइंग क्लबांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सर्व फ्लाइंग क्लबांच्या कार्यकारिणी, चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टर आणि आम्हाला शिकवणारे सर्व इन्स्ट्रक्टर

सप्रेम नमस्कार.

मी खासगी वैमानिक परवाना असलेला एक साधा सभासद आहे. पोटापाण्याचा व्यवसाय वेगळा. महिन्यातून दोन-तीन वेळा क्लबचं विमान घेतो, कधी तासाभराची चक्कर मारतो, कधी क्रॉस-कंट्री, म्हणजे दूरच्या धावपट्टीपर्यंतचं उड्डाण, करतो. जे काही येतं ते तुम्हीच शिकवलंत. म्हणून हे पत्र तुमच्याकडेच येतंय. उतरताना टाकीत किमान एक तासाचं इंधन शिल्लक असावं, हे त्यात सांगायचं आहे.

आधी घडलेली गोष्ट सांगतो. ती मी आजवर दोघा-तिघांनाच सांगितली आहे.

काही वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये मी आणि एक मित्र क्लबचं सेसना १५२ घेऊन पूर्वेकडे मराठवाड्यातल्या एका धावपट्टीवर गेलो होतो. अंतर १४० नॉटिकल मैल. आम्ही दोघंही हलक्या वजनाचे, त्यामुळे टाक्या काठोकाठ भरता आल्या. या विमानात वापरता येण्याजोगं इंधन साडेचोवीस अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ९२ लिटर. तिकडे एव्हगॅस, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, मिळत नाही हे माहीत होतं, म्हणून जाऊन-येऊन एकाच टाकीत करायचं ठरवलं. आदल्या रात्री कागदावर हिशोब मांडला. ९५ नॉटच्या (तासाला ९५ नॉटिकल मैल) वेगाने एका बाजूला १ तास २८ मिनिटं, दोन्ही बाजू मिळून तीन तासांना थोडे कमी. तासाला सहा गॅलन, म्हणजे २२.७ लिटर धरले तर ६७ लिटर. दोनदा स्टार्ट, टॅक्सी आणि चढाईचे ४ लिटर. एकूण ७१. उतरताना २१ लिटर, म्हणजे ५५ मिनिटांचं इंधन शिल्लक. नियमाला दिवसाच्या व्हीएफआर, म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघून करायच्या, उड्डाणासाठी ३० मिनिटं पुरतात. माझ्याकडे जवळजवळ दुप्पट होतं. मी निश्चिंत झोपलो.

जाताना वारा पाठीशी होता. १ तास २० मिनिटांत पोचलो आणि खूश झालो. परत निघायला दुपारचे साडेतीन वाजले. एप्रिल-मेच्या दुपारी दख्खनच्या पठारावर पश्चिमेचा वारा कसा उठतो ते तुम्हाला मी सांगायला नको. निघाल्यावर वीस मिनिटांत जीपीएसवर जमिनीवरचा वेग ७० नॉट दिसायला लागला. खाली सगळं धुरकट. अर्ध्या वाटेवर यायला ४४ मिनिटं लागायला हवी होती, एक तास लागला. तिथे मांडीवरच्या पाटीवर मी नव्याने आकडेमोड केली आणि उत्तर स्पष्ट होतं. असाच वारा राहिला तर मी घरी पंचवीस मिनिटांच्या इंधनावर उतरणार होतो. नियमाच्या खाली.

दक्षिणेला १५ मैलांवर एक धावपट्टी होती. तिकडे वळायला हवं होतं. मी वळलो नाही.

का वळलो नाही, हा या पत्राचा विषय आहे. म्हणून तो क्षण नीट मांडतो. तिथे उतरलो असतो तर एव्हगॅस मिळालं नसतं. क्लबने जीपमधून बॅरल पाठवलं असतं, पण ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. एडीसी आणि एफआयसीचे, म्हणजे उड्डाणाच्या परवानगीचे, नंबर नव्याने घ्यावे लागले असते. सूर्यास्ताचं बंधन होतंच. विमान रात्रभर उघड्यावर उभं राहिलं असतं आणि त्याची राखण मला करावी लागली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याच विमानावर एका विद्यार्थ्याची चेक राइड, म्हणजे परीक्षेचं उड्डाण, होती. या सगळ्याचा खर्च माझ्या खात्यावर पडला असता आणि पुढचे सहा महिने क्लबच्या चहाच्या टेबलावर माझं नाव निघालं असतं. एका पारड्यात हे सगळं होतं आणि दुसऱ्या पारड्यात ‘बहुतेक पोचू’. मी ‘बहुतेक’ निवडलं.

घरच्या धावपट्टीवर दोन विद्यार्थी सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवती फेऱ्या मारत, होते. रेडिओवर ‘माझं इंधन कमी आहे, मला आधी उतरू द्या’ एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलायचीही मला लाज वाटली. सहा मिनिटं मी त्यांच्या मागे फिरलो. त्या सहा मिनिटांत इंजिनाचा प्रत्येक आवाज मला वेगळा वाटत होता. उतरल्यावर टाक्या पुन्हा काठोकाठ भरल्या तेव्हा ८४ लिटर बसले. म्हणजे वापरता येण्याजोगे ८ लिटर उरले होते. वीस मिनिटं.

मित्राला मी काहीच बोललो नाही. तो उतरल्यावर फोटो काढत होता.

माझं चुकलं कुठे? आधी वाऱ्यात. आम्ही शिकताना ऐकलेलं असतं की जाताना जेवढं गमावू तेवढं येताना कमावू. हे गणितात बसत नाही. समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो, म्हणून त्याचा तोटा पाठीमागच्या वाऱ्याच्या फायद्यापेक्षा नेहमी मोठा. १४० मैल जाऊन परत यायचं आणि वारा दोन्ही वेळेला तोच २० नॉट धरला तर एकूण तीन तास पाच मिनिटं लागतात. वारा नसताना लागतात त्यापेक्षा आठ मिनिटं जास्त. आणि वारा दिवसभर सारखा राहतच नाही. सकाळी १० नॉट असलेला वारा दुपारी २५ होतो आणि नेमका तेव्हा तो आपल्या तोंडावर असतो.

दुसरी चूक त्या सहा गॅलनमध्ये. पुस्तकातला आकडा नव्या विमानाचा आहे आणि मिक्स्चर (हवा आणि इंधनाचं मिश्रण) शिफारशीप्रमाणे लीन, म्हणजे त्यातलं इंधन कमी, केल्यावरचा आहे. सेसना १५२ ही विमानं १९७७ ते १९८५ या काळात बनली. आपल्या हँगरमधलं सगळ्यात तरुण १५२ सुद्धा आता चाळिशीला आलं आहे. त्यातून आम्हाला सुरुवातीला शिकवलं गेलं की मिक्स्चरच्या लाल दांड्याला हात लावू नका, रिचच ठेवा. सर्किट मारणाऱ्या विद्यार्थ्याला ते ठीक आहे. पण तोच विद्यार्थी पुढे तीन तासांची क्रॉस-कंट्री करतो, दांडा तसाच आत ढकललेला ठेवतो आणि हिशोबाला मात्र लीन केलेला आकडा घेतो. परवाना मिळून दोन वर्षं झाली तरी मी लीन करायला धजावत नव्हतो. ते मी नंतर एका ज्येष्ठ इन्स्ट्रक्टरकडून मुद्दाम वेळ मागून शिकलो. आमच्या विमानाचा खरा वापर तासाला साडेतेवीस लिटर निघाला. फरक एका लिटरहून कमी, पण साडेतीन तासांत तो सात मिनिटं खातो.

तिसरी चूक मात्र लहानपणापासूनची आहे आणि ती माझ्या एकट्याची नाही. आपण सगळे स्कूटरवर वाढलो. बजाजच्या टाकीखालची ती चावी आठवा: चालू, बंद आणि रिझर्व्ह. गाडी आचके द्यायला लागली की पायापाशी हात घालून चावी फिरवायची आणि ‘अजून पंधरावीस किलोमीटर जाते’ म्हणत पंपापर्यंत जायचं. आपल्या भाषेत ‘गाडी रिझर्व्हला लागली’ याचा अर्थ अजून पेट्रोल आहे असाच होतो. रिझर्व्ह वापरण्यासाठीच असतं, ही समजूत आपल्या हाडात आहे. मग तोच शब्द विमानाच्या पुस्तकात येतो आणि डोक्यातला अर्थ बदलत नाही. मी त्या दिवशी अर्ध्या वाटेवर मनात म्हटलेलं वाक्य मला नेमकं आठवतं: ‘रिझर्व्ह आहे ना.’ विमानातलं रिझर्व्ह नियोजनाच्या बाहेरच्या गोष्टींसाठी आहे: धावपट्टीवर अचानक आलेलं जनावर, समोरच्या विमानाचं फुटलेलं टायर, घाटमाथ्यावर चढून आलेला ढग. वारा तर दिसत होता. त्याच्यासाठी रिझर्व्ह खर्च करायला मला काहीच अधिकार नव्हता.

हे एका माणसाच्या बेफिकिरीचं प्रकरण आहे असं तुम्हाला वाटेल, पण तसं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, ऑगस्ट २०१७ मध्ये याच विषयावर इशारा काढला होता. २०११ ते २०१५ या वर्षांतले त्यांच्याकडचे छोट्या विमानांचे अपघात पाहिले तर इंधन व्यवस्थापनातली चूक हे सहाव्या क्रमांकाचं कारण होतं. वर्षाला पन्नासहून जास्त अपघात. त्यातल्या पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास अपघातांत माणूस चुकला होता, यंत्र नव्हे. आणि मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा आकडा हा: त्या वैमानिकांमध्ये विद्यार्थी जेमतेम दोन टक्के होते. जवळजवळ निम्म्या लोकांकडे व्यावसायिक किंवा त्याहून वरचा परवाना होता. विद्यार्थ्याची कोरी वही इन्स्ट्रक्टर तपासतो, टाकीत काडी घालून दाखव म्हणतो. आमची वही कोणी तपासत नाही.

अनुभवी माणसाचं उदाहरण म्हणून मी गायक जॉन डेन्व्हर यांचा अपघात नव्या सभासदांना सांगतो. त्यांच्या गाठीशी २७०० तासांहून जास्त उड्डाण होतं. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातल्या माँटेरेहून ते नुकतंच विकत घेतलेलं लाँग-ईझी हे घरी बांधलेल्या प्रकारातलं छोटं विमान घेऊन निघाले. त्या विमानात टाकी बदलायचा सिलेक्टर बांधणाऱ्याने वैमानिकाच्या डाव्या खांद्याच्या मागे बसवला होता. बसल्या जागेवरून तिथे हात पोचत नव्हता. इंधन दाखवणाऱ्या नळ्याही पाठीमागे, म्हणून बघायला त्यांनी एक छोटा आरसा घेतला होता. मेकॅनिकने इंधन भरू का विचारलं, तेव्हा ते म्हणाले की तासाभरच उडणार आहे, नको. समुद्रावर असताना सिलेक्टर फिरवायला ते मागे वळले, वळताना उजव्या रडरवर (विमानाचं नाक वळवणाऱ्या पॅडलवर) पाय दाबला गेला आणि विमान पाण्यात कोसळलं. चौकशी अहवालाने कारणांमध्ये स्पष्ट लिहिलं आहे: उड्डाणापूर्वीची अपुरी तयारी, विशेषतः इंधन न भरणं.

टाकी भरलेली असती तर त्या क्षणी मागे वळायची गरजच पडली नसती. आपल्यापैकी जे पायपर कंपनीची विमानं चालवतात त्यांना ही गोष्ट जास्त जवळची वाटेल. सेसनाचे पंख वर असतात, इंधन स्वतःच्या वजनाने खाली येतं. १७२ मध्ये सिलेक्टर दोन्ही टाक्यांवर ठेवता येतो आणि १५२ मध्ये तर नुसतं चालू आणि बंद. पायपर चेरोकीच्या जातीत ‘दोन्ही’ ही जागाच नाही. डावी किंवा उजवी. एक टाकी भरलेली असतानाही इंजिन उपाशी मरू शकतं. दर अर्ध्या तासाला टाकी बदलायची सोपी सवय मला एका जुन्या सभासदाने लावली: मिनिटकाटा घड्याळाच्या उजव्या अर्ध्यात असला की उजवी टाकी, डाव्या अर्ध्यात असला की डावी.

आता मागणीकडे येतो.

नियमाचा अर्धा तास हा कायद्याचा तळ आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सहाव्या परिशिष्टात तोच आहे आणि अमेरिकेतही दिवसाला ३० व रात्रीला ४५ मिनिटंच आहेत. पण अमेरिकेतल्या एओपीए या वैमानिकांच्या संघटनेची सुरक्षा संस्था खासगी वैमानिकांना गेली कित्येक वर्षं सांगते आहे की उतरताना टाकीत किमान एक तासाचं इंधन असू द्या. आपल्या प्रत्येक क्लबने हा एक तास स्वतःचा लेखी नियम करावा. ब्रीफिंग रूमच्या फळ्यावर तो लिहावा. जमिनीवर असताना नियोजनात एक तास दिसत नसेल तर ऑथोरायझेशनच्या वहीत सही होऊ नये. आणि हवेत असताना एका तासाच्या खाली उतरणार असं दिसलं, तर जवळच्या धावपट्टीकडे वळणं हे त्या सभासदाचं कर्तव्य ठरावं.

पण नुसत्या फळ्यावरच्या नियमाने त्या एप्रिलच्या दुपारी मी वळलो नसतो. माझ्या पारड्यात काय काय होतं ते वर लिहिलंच आहे. म्हणून माझी खरी कळकळीची विनंती खर्चाबद्दल आहे. इंधनासाठी वळलेल्या सभासदाकडून त्या डायव्हर्शनचा, बॅरलचा, विमान अडकल्याचा एकही रुपया घेऊ नका. तो क्लबच्या फंडातून जाऊ द्या. लागल्यास आमच्या तासाच्या दरात थोडी वाढ करा, आम्ही देऊ. आणि तो परत आल्यावर चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टर साहेबांनी सगळ्यांसमोर त्याला ‘बरोबर केलंस’ म्हणावं. तुम्ही मोठी माणसं आहात. तुमचा एक शब्द आमच्यासाठी फार असतो. मला त्या क्षणी कोणाची भीती वाटली असेल तर ती वाऱ्याची नव्हती, तुमची होती. कडवट वाटेल, पण हे आदरापोटीच लिहितो आहे.

इंधन मोजण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे सुधारणा स्वस्त आहे.

डॅशबोर्डवरच्या काट्यांवर विसंबू नका असं सगळेच शिकवतात. पण मग विसंबायचं कशावर? टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, आधीच्या माणसाने ‘शिल्लक ५० लिटर’ लिहिलेलं असतं. ते त्याने मोजलेलं नसतं, घड्याळावरून काढलेलं असतं आणि त्याच्या हिशोबातही माझ्यासारखेच सहा गॅलन असतात. तीन वैमानिकांनी एकापाठोपाठ अशी वजाबाकी केली की चौथ्याच्या वाट्याला काय येतं ते त्याला कळत नाही. माझे वडील ट्रॅक्टरच्या टाकीत बाजरीचं सरमाड घालून डिझेल बघायचे. काटा चालू होता तरी. सरमाड कुठपर्यंत भिजलं ते डोळ्यांनी दिसायचं. आपल्या हँगरमध्ये मात्र मी अशी डिपस्टिक पाहिली आहे जी मुळात दुसऱ्याच विमानासाठी बनवलेली होती आणि तीन विमानांना वापरली जात होती.

प्रत्येक विमानाची स्वतःची, त्याचा नोंदणी क्रमांक कोरलेली लाकडी डिपस्टिक हवी. ती करायला एक दिवस लागतो. विमान सपाट जमिनीवर समतल उभं करायचं, एका टाकीतलं इंधन काढून फक्त न वापरता येणारं ठेवायचं, मग दहा-दहा लिटर मोजून ओतायचं आणि प्रत्येक वेळी पट्टीवर खूण करायची. दुसऱ्या टाकीसाठी पुन्हा तेच. सेसनाच्या टाकीचं झाकण पंखाच्या बाहेरच्या बाजूला असतं आणि पंखाला वर उतार असतो, त्यामुळे इंधन कमी झालं की ते आतल्या कोपऱ्यात जमतं आणि पट्टी कोरडी येते. ती किती लिटरपासून कोरडी येते तो आकडाही पट्टीवर लिहावा. उतारावर उभ्या विमानात मोजलेलं खरं धरू नये. आणि दर वेळी इंधन भरलं की किती तासांमागे किती लिटर बसले याची विमानवार नोंद फळ्यावर राहू दे. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की त्या विमानाचा खरा वापर आपोआप समोर येईल. मग पुस्तकातले सहा गॅलन कोणी लिहिणार नाही.

एककांचा गोंधळही एकदा संपवू या. बॅरलमधून इंधन लिटरमध्ये येतं, पुस्तक अमेरिकन गॅलनमध्ये बोलतं, वजनाचा तक्ता कुठे किलोत तर कुठे पौंडात. एअर कॅनडाचं नवंकोरं बोइंग ७६७ २३ जुलै १९८३ रोजी ४१ हजार फुटांवर इंधन संपून बंद पडलं ते याच गोंधळाने. लिटरचं किलोत रूपांतर करताना पौंडाचा गुणक वापरला गेला आणि हवं होतं त्याच्या निम्म्याहून कमी इंधन भरलं गेलं. वैमानिकांनी ते ग्लायडरसारखं गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं म्हणून सगळे वाचले. क्लबचे सगळे तक्ते लिटर आणि किलोत करून, लॅमिनेट करून विमानात ठेवा. एव्हगॅसचा एक लिटर म्हणजे सुमारे ०.७२ किलो.

टाक्या नेहमी फुल करा, असं मी म्हणत नाही. ते जमत नाही हे तुम्ही जाणता. सेसना १५२ चं कमाल वजन ७५७ किलो. आपल्या जुन्या विमानांचं रिकामं वजन, रेडिओ आणि रंगांचे थर धरून, ५३० च्या आसपास जातं. फुल टाकीचे ६७ किलो वजा केले की दोन माणसांसाठी उरतात १६०. ऐंशी किलोचे दोन गडी बसले की संपलं. मग टाकी कमी भरायची आणि मधे कुठेतरी उतरून भरायची, हाच मार्ग. १७२ मध्ये चार सीट असतात, पण फुल टाकीवर तीन प्रौढ माणसांतच वजन संपतं.

म्हणजे गोष्ट पुन्हा वाटेवरच्या एव्हगॅसवर येते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानातून निघाले ते अहमदाबादला इंधन घेऊन जुहूला उतरले. अहमदाबादला बर्मा-शेलचं इंधन चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीने आलं होतं. ही आठवण आपण कौतुकाने सांगतो. मला त्यात बैलगाडीपेक्षा वेगळी गोष्ट दिसते: विमान निघण्याआधी ते इंधन कुठे मिळणार हे ठरलेलं होतं. आज आपल्या राज्यात बारामती, धुळे, जळगाव, गोंदिया, लातूर, नांदेड अशा कितीतरी धावपट्ट्या आहेत, पण खासगी वैमानिकाने विचारलं की कुठे एव्हगॅस मिळेल, तर उत्तरासाठी दहा फोन करावे लागतात. जिथे मोठी विमानं येतात तिथे एटीएफ, म्हणजे जेट इंजिनांचं इंधन, असतं. ते आपल्या पेट्रोल इंजिनाला चालत नाही आणि चुकून भरलं तर विमान उडतं आणि थोड्या वेळाने इंजिन बंद पडतं. एव्हगॅस १०० एलएल निळं असतं, त्यात एटीएफ मिसळलं तर कागदावरच्या थेंबाभोवती तेलकट कडं राहतं. ही चाचणी प्रत्येक नव्या सभासदाला करून दाखवा.

पूर्वी हे इंधन परदेशातून यायचं, तेव्हा तुटवड्याची सबब खरी होती. सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑइलने एव्हगॅस १०० एलएल देशातच, वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीत तयार करायला सुरुवात केली आहे. वडोदरा आपल्या दाराशी आहे. राज्यातले सगळे क्लब आणि प्रशिक्षण संस्था एकत्र बसून एकमेकांच्या सभासदांना ठरलेल्या दराने इंधन द्यायचा करार का करू शकत नाहीत? प्रत्येक ठिकाणी दोन बॅरल, फिल्टर लावलेला हातपंप, अर्थिंगची तार आणि एक जबाबदार माणूस. पाहुण्या विमानासाठी एवढं पुरेसं आहे. कोणत्या ठिकाणी आज किती लिटर शिल्लक आहे ते रोज संध्याकाळी एका सामायिक व्हॉट्सअॅप ग्रुपवर यावं. त्या दिवशी दक्षिणेच्या धावपट्टीवर एक बॅरल आहे हे मला माहीत असतं, तर मी वळलो असतो. याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

इन्स्ट्रक्टर मंडळींना एक वेगळी विनंती. रेडिओवर इंधनाबद्दल बोलायला आम्हाला शिकवा, मोठ्याने, वर्गात उभं करून. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या अव्हियांका कंपनीचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कजवळ इंधन संपून पडलं, ७३ माणसं गेली. तासाहून जास्त वेळ ते विमान हवेत थांबवून ठेवलं होतं. वैमानिकांनी इंधन संपत आल्याचं सांगितलं, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द नियंत्रकापुढे एकदाही उच्चारला नाही. आता त्यासाठी ठरलेले शब्द आहेत. यापुढे जरा जरी उशीर झाला तरी शेवटचं रिझर्व्ह वापरावं लागेल अशी वेळ आली की ‘मिनिमम फ्युएल’. रिझर्व्ह वापरावं लागणारच हे दिसलं की ‘मेडे मेडे मेडे फ्युएल’. इंजिन बंद पडल्याचा सराव तुम्ही आमच्याकडून पन्नास वेळा करून घेता. पण ही वाक्यं आम्ही परीक्षेत लिहिली आहेत, तोंडाने कधी म्हटलेली नाहीत. मराठी माणसाला अडचण चारचौघांत सांगायला जड जातं. दहा वेळा म्हणून घेतलं की जीभ वळेल.

आणि सह्याद्रीवरून कोकणात जाणाऱ्यांसाठी एक अट घाला. हजार फूट उंचीवर इंजिन थांबलं तर ही विमानं जेमतेम दीड नॉटिकल मैल तरंगतात. पठारावर तेवढ्यात एखादं नांगरलेलं वावर मिळतं. घाटात झाडं, कडे आणि दऱ्या याशिवाय काही मिळत नाही. घाटाची धार ओलांडण्यापूर्वी इंधनाचा हिशोब नव्याने लिहून काढायचा, आणि एक तास बसत नसेल तर अलीकडेच उतरायचं.

पावसाळा तोंडावर आहे. जून ते सप्टेंबर विमानं बहुतेक हँगरमध्येच असतात, टाक्या रिकाम्या करून मोजपट्ट्या करायला याहून चांगला काळ नाही. आमच्या क्लबच्या दोन विमानांसाठी सागवानाच्या पट्ट्या मी सुताराकडून तासून आणल्या आहेत. वीस लिटरचं मोजमाप करून शिक्का मारलेलं भांडंही मिळवलं आहे. इंजिनियर साहेब ज्या रविवारी वेळ देतील त्या रविवारी मी सकाळी सातला हँगरवर हजर असेन. दुसऱ्या क्लबांना हवं असेल तर त्यांच्याकडेही येईन, फक्त आपल्या विमानाच्या टाकीची खोली तेवढी आधी मोजून कळवा, म्हणजे त्या मापाची पट्टी करून आणता येईल.

आपला नम्र,
एक खासगी वैमानिक आणि क्लबचा सभासद